अस्थिरोग उपचारांची प्रतीक्षा : चेन्नईतील सरकारी रुग्णालयांचा धडा

चेन्नई सेंट्रल रेल्वे स्थानकासमोरील राजीव गांधी शासकीय सर्वसाधारण रुग्णालय हे देशातील सर्वांत जुन्या सरकारी रुग्णालयांपैकी एक होय. १६६४ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी सैनिकांसाठी सुरू झालेल्या छोट्या रुग्णालयापासून त्याचा प्रवास सुरू झाला. १८३५ मध्ये स्थापन झालेले मद्रास वैद्यकीय महाविद्यालय आज याच रुग्णालयाशी संलग्न आहे. रेल्वेतून उतरून रस्ता ओलांडला की रुग्णालयाचे प्रवेशद्वार येते. त्यामुळे केवळ चेन्नईचेच नव्हे, तर तामिळनाडूच्या उत्तरेकडील जिल्ह्यांतील आणि शेजारच्या आंध्र प्रदेशातील रुग्णही येथे मोठ्या संख्येने येतात. मोडलेले हाड, झिजलेला गुडघा, वाकडा पाय, मणक्याचे दुखणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा असतो.

अशा रुग्णालयात उपचार विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात मिळतात. तथापि, विनामूल्य उपचार आणि वेळेवर उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या पायाच्या हाडाची शस्त्रक्रिया दोन आठवडे लांबली, तर त्याला दोन आठवड्यांची मजुरी तर गमवावी लागतेच, शिवाय हाड वेडेवाकडे जुळण्याचा, सांधा आखडण्याचा आणि कायमचे अपंगत्व येण्याचा धोकाही वाढतो. म्हणूनच प्रतीक्षेचा काळ हा रुग्णाच्या सोयीपुरता प्रश्न राहत नाही. तो आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा आणि समन्यायाचा प्रश्न ठरतो.

घटनात्मक आधार

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. मार्गदर्शक तत्त्वांमधील या तरतुदीला न्यायालयीन निर्णयांनी अधिक बळ दिले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे तत्त्व मांडले. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला खाट उपलब्ध नाही अथवा सोय नाही या कारणास्तव अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नव्हते. सरकारी रुग्णालयाने गरजू व्यक्तीला वेळेवर वैद्यकीय उपचार न देणे म्हणजे अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्काचे उल्लंघन होय, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आर्थिक साधनांची चणचण हे या कर्तव्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही, हेही या निकालातून अधोरेखित झाले. ‘वेळेवर’ हा शब्द येथे कळीचा आहे.

प्रतीक्षा एक नसते

सामान्यतः प्रतीक्षा म्हटले की बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात अस्थिरोगाच्या रुग्णाला अनेक टप्प्यांवर थांबावे लागते. पहिला टप्पा केसपेपर काढण्याचा आणि डॉक्टरांच्या भेटीचा. दुसरा क्ष-किरण, सीटी स्कॅन, रक्ततपासणी यांचा. तिसरा शस्त्रक्रियेस शरीर तंदुरुस्त असल्याचा निर्वाळा भूलतज्ज्ञाकडून मिळण्याचा. मधुमेह वा रक्तदाब आटोक्यात नसेल तर तो लांबतो. चौथा टप्पा हाडात बसवायच्या पट्ट्या, स्क्रू, सळ्या किंवा कृत्रिम सांधा उपलब्ध होण्याचा आणि त्यासाठीच्या विमा मंजुरीचा. पाचवा शस्त्रक्रियागृहाच्या यादीत नाव लागण्याचा. शेवटचा टप्पा शस्त्रक्रियेनंतरच्या भौतिकोपचाराचा. तो बहुधा दुर्लक्षित राहतो.

एखाद्या टप्प्यावरील अडथळा दूर केला तरी पुढच्या टप्प्यावर गर्दी होत असेल, तर रुग्णाच्या एकूण प्रतीक्षेत फरक पडत नाही. नोंदणीच्या खिडक्या वाढविल्या, पण भूलतज्ज्ञ तेवढेच राहिले, तर रांग फक्त एका दालनातून दुसऱ्या दालनात सरकते. म्हणून सुधारणेचा प्रारंभ सर्वांत अरुंद टप्पा शोधण्यापासून करावा लागतो.

रांगेचे गणित

रांगांचा अभ्यास ही संख्याशास्त्राची व प्रचालन संशोधनाची एक प्रगत शाखा आहे. अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम अत्यंत सोपा आहे : रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येणाऱ्यांचा वेग गुणिले सरासरी प्रतीक्षा. उदाहरणादाखल, एखाद्या अस्थिरोग पथकाच्या नियोजित शस्त्रक्रियांच्या यादीत दर आठवड्याला १२ नावांची भर पडते आणि यादीत कायम १२० नावे असतात असे मानले, तर सरासरी प्रतीक्षा १० आठवड्यांची असते. पथक आठवड्याला १२ शस्त्रक्रिया करीत राहिले, तर यादी वाढत नाही, पण घटतही नाही. त्याने १५ शस्त्रक्रिया केल्या, तर दर आठवड्याला ३ नावे कमी होऊन ४० आठवड्यांत थकलेली यादी संपुष्टात येते. म्हणजेच साचलेली यादी संपविण्यासाठी कायमस्वरूपी दुप्पट क्षमता लागत नाही. ठरावीक काळापुरती थोडी अधिक क्षमता पुरते. मात्र येणाऱ्यांचा वेग क्षमतेपेक्षा अधिक असेल, तर कोणतीही विशेष मोहीम टिकाऊ ठरत नाही.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. रुग्ण ठरावीक अंतराने येत नाहीत. एखाद्या रात्री अपघाताचे दोन रुग्ण येतात, तर एखाद्या रात्री दहा. अशा अनियमित आगमनामुळे क्षमता पूर्ण वापरली जाऊ लागली की प्रतीक्षा झपाट्याने वाढते. एकच सेवास्थान असलेल्या साध्या प्रारूपात क्षमतेचा वापर ८० टक्के असताना सरासरी प्रतीक्षा एका सेवेला लागणाऱ्या वेळेच्या ४ पट असते. वापर ९० टक्क्यांवर गेला की ती ९ पट आणि ९५ टक्क्यांवर गेला की १९ पट होते. रुग्णालयातील सर्व खाटा सदैव भरलेल्या असणे हे कार्यक्षमतेचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते लांबणाऱ्या प्रतीक्षेचे कारण असते.

अपघात आणि नियोजित शस्त्रक्रिया

अस्थिरोग विभागाची विशेष अडचण अशी की, त्याच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण येतात. पहिला प्रकार तातडीचा, म्हणजे अपघातातील जखमींचा. दुसरा प्रकार नियोजित उपचारांचा. उदाहरणार्थ गुडघ्याचे सांधारोपण. दोघांसाठी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि खाटा त्याच असतात. स्वाभाविकपणे तातडीच्या रुग्णाला प्राधान्य मिळते आणि नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

तामिळनाडूत हा ताण विशेष जाणवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांपैकी ६४,१०५ एकट्या तामिळनाडूत नोंदविले गेले. ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती. त्या वर्षी राज्यात १७,८८४ व्यक्ती अपघातांत मृत्यू पावल्या. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण १०.४ टक्के होते, तर देशाचे सरासरी प्रमाण ८.६ टक्के होते. वार्धक्याबरोबर सांध्यांची झीज आणि खुब्याचे अस्थिभंग वाढतात. म्हणजे तातडीची आणि नियोजित अशी दोन्ही प्रकारची मागणी एकाच वेळी वाढत जाते.

यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे दोन्ही प्रवाह वेगळे करणे. इंग्लंडमध्ये २००४ साली एप्सम येथे सुरू झालेल्या दक्षिण-पश्चिम लंडन अस्थिरोग केंद्रात केवळ नियोजित शस्त्रक्रिया होतात. तेथे अपघाताचा रुग्ण येत नसल्याने ठरलेली यादी कोलमडत नाही. स्वतंत्र इमारत शक्य नसेल, तर एक शस्त्रक्रियागृह दिवसभर केवळ अस्थिभंगासाठी राखून ठेवल्यानेही हाच हेतू बऱ्याच अंशी साध्य होतो.

तामिळनाडूने योजलेले उपाय

तामिळनाडूत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात राज्याने अपघात व आपत्कालीन उपचार उपक्रम हाती घेतला. या उपक्रमात रुग्ण दारात येताच त्याच्या प्रकृतीनुसार लाल, पिवळा अथवा हिरवा असा गट ठरविला जातो. लाल गटातील रुग्णास तत्काळ उपचार मिळतात. हिरव्या गटातील रुग्ण काही काळ थांबू शकतो. रुग्णालयांचेही स्तर ठरविण्यात आले, जेणेकरून साधा अस्थिभंग जवळच्या रुग्णालयात हाताळला जावा आणि गुंतागुंतीचा रुग्णच मोठ्या शहरात पाठविला जावा. चेन्नईतील गर्दी कमी होण्याचा मार्ग चेन्नईबाहेरच्या तालुका व जिल्हा रुग्णालयांतून जातो, हे यामागील तत्त्व आहे.

१८ डिसेंबर २०२१ रोजी राज्याने ‘इन्नुयिर काप्पोम – नम्मै काक्कुम ४८’ ही योजना सुरू केली. अपघातानंतरच्या पहिल्या ४८ तासांत सरकारी अथवा नोंदणीकृत खासगी रुग्णालयात रोकडरहित उपचार मिळण्याची सोय तिच्यात आहे. सुरुवातीला त्यासाठी १ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा होती. जखमी व्यक्ती राज्याबाहेरील असली तरी तिला लाभ मिळतो. जवळच्या खासगी रुग्णालयाची क्षमता अशा प्रकारे वापरात आल्याने सरकारी रुग्णालयावरील भार विभागला जातो. केंद्र सरकारनेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ अन्वये मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार अपघातापासून ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात.

विशेषीकरण हाही प्रतीक्षा कमी करण्याचा एक मार्ग आहे. चेन्नईतील स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ मध्ये प्रा. आर. वेंकटस्वामी यांच्या पुढाकाराने हस्तशस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. यंत्रात सापडून हाताला इजा झालेल्या कामगाराला सर्वसाधारण यादीत थांबावे लागू नये आणि त्याच्या हाताचे कार्य टिकावे, यासाठी असा विभाग उपयुक्त ठरतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी गिंडी येथे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी २०० खाटांचे राष्ट्रीय वार्धक्य केंद्र सुरू झाले.

साहित्य आणि निधी

शल्यचिकित्सक तयार आहे, शस्त्रक्रियागृह रिकामे आहे, परंतु योग्य मापाची सळई उपलब्ध नाही, अशा कारणानेही शस्त्रक्रिया लांबते. या संदर्भात तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाचे उदाहरण अभ्यासनीय आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने औषधांची केंद्रीय दरकराराने खरेदी, जिल्हा पातळीवरील गोदामे, नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयासाठी पासबुक अशी पद्धत रूढ केली. पासबुकात नमूद रकमेपर्यंत रुग्णालय आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून माल उचलते. त्यामुळे वरून पाठविलेल्या नको असलेल्या औषधांचा साठा आणि हव्या असलेल्या औषधांचा तुटवडा ही विसंगती कमी झाली. अनेक राज्यांनी पुढे हे प्रारूप स्वीकारले.

अस्थिरोपणाच्या खर्चाचा प्रश्न विमा योजनेने काही अंशी सोडविला. राज्यात २००९ मध्ये कलैञर विमा योजना आणि २०१२ पासून मुख्यमंत्री सर्वसमावेशक आरोग्य विमा योजना राबविण्यात आली. २०१८ मध्ये ती आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडण्यात आली. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, सरकारी रुग्णालयात उपचार झाले तरी दाव्याची रक्कम त्या रुग्णालयाला मिळते. तिच्यातून रोपणसाहित्य व उपकरणे खरेदी करता येतात. अधिक शस्त्रक्रिया केल्याने सरकारी रुग्णालयाचा केवळ खर्चच वाढत नाही, तर निधीही वाढतो. कार्यक्षमतेस यातून प्रोत्साहन मिळते. मात्र उत्पन्नाचा दाखला नसणे वा मंजुरीस विलंब होणे हा नवा अडथळा ठरू नये, यासाठी कागदपत्रांची पूर्तता पहिल्या भेटीतच सुरू होणे आवश्यक असते.

किमतीच्या बाजूने राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचा ऑगस्ट २०१७ मधील निर्णय उल्लेखनीय आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ अन्वये गुडघ्याच्या रोपणांची कमाल किंमत निश्चित करण्यात आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम रोपणाची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. तिची कमाल मर्यादा, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरविण्यात आली.

शस्त्रक्रियागृहातील मिनिटे

खर्च न वाढविताही बरेच साध्य होऊ शकते. सहा तासांच्या, म्हणजे ३६० मिनिटांच्या सत्राचा विचार करू. पहिली शस्त्रक्रिया ४५ मिनिटे उशिरा सुरू झाली, प्रत्येक शस्त्रक्रियेला ७५ मिनिटे लागली आणि दोन शस्त्रक्रियांमधील स्वच्छता व तयारीस ४५ मिनिटे गेली, तर सत्रात ३ शस्त्रक्रिया होतात. सत्र वेळेवर सुरू झाले आणि मधली तयारी २० मिनिटांत आटोपली, तर त्याच ३६० मिनिटांत ४ शस्त्रक्रिया होतात. शल्यचिकित्सकाला घाई करावी लागत नाही; क्षमता मात्र एक तृतीयांशाने वाढते. त्यासाठी उपकरणांचे जादा संच, निर्जंतुकीकरणाची सोय आणि पुढच्या रुग्णाला वेळेत आणणारा कर्मचारी एवढेच लागते.

तामिळनाडूतच मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे तत्त्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत यशस्वी करून दाखविले. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या मेजावर दुसऱ्याची तयारी झालेली असते. परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अल्पकाळाची व बहुतांशी एकसारखी असते. अस्थिभंगाचे प्रत्येक प्रकरण निराळे असते. त्यामुळे हे प्रारूप सांधारोपणासारख्या नियोजित शस्त्रक्रियांना अधिक लागू पडते, अपघाताच्या शस्त्रक्रियांना कमी.

शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वेळेत घरी जाऊ शकला, तरच पुढच्याला खाट मिळते. घराजवळ भौतिकोपचाराची सोय नसल्यास रुग्ण रुग्णालय सोडण्यास धजावत नाही. ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ या योजनेत घरपोच औषधांबरोबर भौतिकोपचाराचाही समावेश आहे. रुग्णाच्या घरी होणारी ही सेवा अप्रत्यक्षपणे रुग्णालयातील खाटच मोकळी करते.

कोणी थांबावे, कोणी थांबू नये

प्रतीक्षा पूर्णतः नाहीशी करणे कोणत्याही देशाला शक्य झालेले नाही. म्हणून कोणाला किती थांबविता येईल, याचा निर्णय वैद्यकीय निकषांवर होणे महत्त्वाचे ठरते. उघड्या जखमेसह झालेल्या अस्थिभंगाला प्रतिजैविक औषध त्वरित मिळावे लागते. खुबा मोडलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी व्हावी, अशी शिफारस ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०११ पासून आहे. ती आणखी लवकर केल्यास काय होते, याचा अभ्यास भारतासह १७ देशांतील ६९ रुग्णालयांत २,९७० रुग्णांवर झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे ६ तासांत आणि सुमारे २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या गटांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु लवकर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण लवकर उभे राहिले आणि त्यांच्यात मानसिक गोंधळाची अवस्था कमी आढळली.

जन्मतः वाकड्या पावलाचे उदाहरण याहून बोलके आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेल्यास बहुतेक बालकांचे पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होते. तेच बालक उशिरा आले, तर उपचार अवघड होतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाच्या तपासणीचा समावेश आहे. वेळेवर झालेले निदान शस्त्रक्रियेच्या यादीतील एक नाव कमी करते.

मोजमाप आणि त्याचे धोके

ब्रिटनमध्ये रुग्णाला १८ आठवड्यांत नियोजित उपचार मिळावेत असे उद्दिष्ट ठरविण्यात आले आणि २००८ मध्ये ते बहुतांशी साध्यही झाले. प्रत्येक रुग्णालयाची प्रतीक्षा दरमहा प्रसिद्ध होत असल्याने कोठे अडचण आहे हे सर्वांना दिसते. तथापि, पुढे मागणी व मनुष्यबळ यांचा मेळ न राहिल्याने आणि कोविड साथीमुळे इंग्लंडमधील यादी २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. अस्थिरोग हा त्यातील सर्वांत मोठा विभाग होता. उद्दिष्टांचा आणखी एक धोका तेथे दिसला. आपत्कालीन विभागात ४ तासांची मर्यादा लागू झाल्यावर मर्यादा संपण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्णांना हलविण्याचे प्रमाण एकदम वाढलेले आढळले. मोजमाप आवश्यक आहे. पण केवळ आकडा साधणे हे ध्येय बनले, तर रुग्ण मागे पडतो.

भारतात शस्त्रक्रियांची संख्या नियमितपणे नोंदविली जाते. मात्र निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस गेले, हे राष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध करण्याची पद्धत रूढ झालेली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन नोंदणी प्रणाली आणि ऑक्टोबर २०२२ पासूनची संकेतचिन्ह टिपून बाह्यरुग्ण नोंदणी करण्याची सुविधा यांनी पहिली रांग आखूड होण्यास मदत होते. त्याच नोंदीतून पुढील टप्प्यांचे दिनांकही जोडले गेले, तर अरुंद टप्पा कोणता हे रुग्णालयाला स्वतःलाच कळू शकेल.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ रुग्णवाहिका सेवा आहे आणि महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मुंबईतील केईएम, शीव व जे.जे. रुग्णालयांकडे राज्यभरातून येणारा ओघ हा चेन्नईसारखाच आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाचा साधा अस्थिभंग जिल्हा रुग्णालयातच जुळविला गेला, तर महानगरातील यादी आपोआप आखडते आणि त्या कुटुंबाचा प्रवास, निवास व बुडणारी मजुरी वाचते.

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. निधी, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांची पदे भरल्याविना कोणतीही व्यवस्था फार काळ तग धरणार नाही, हे खरे. परंतु चेन्नईचा अनुभव असेही सांगतो की साहित्याची शिस्तबद्ध खरेदी, तातडीच्या रुग्णांचे वर्गीकरण, जिल्हा रुग्णालयांचे बळकटीकरण आणि घराजवळचा भौतिकोपचार हे सर्व एकाच साखळीचे दुवे आहेत. वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ चा भाग असेल, तर प्रतीक्षेचे दिवस मोजणे आणि ते कमी करणे ही शासनयंत्रणेची ऐच्छिक कामगिरी न राहता तिचे कर्तव्य ठरते.